टॉय ब्रीडचं पिल्लू घरी कधी आणावं? आठवा आठवडा, बारावा आठवडा आणि मधला महिना

कुत्र्यांच्या वर्तनावर पीएच.डी. करतेय असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न प्रबंधाबद्दल सहसा नसतो. तो असतो, "आम्ही शित्झू घेतोय, पंचेचाळीस दिवसांचा आहे. आणू ना?" कधी शित्झूच्या जागी टॉय पॉम असतो, कधी चिवावा. पंचेचाळीस दिवस हा आकडा मात्र फारसा बदलत नाही. आणि त्याच्या पाठोपाठ एक वाक्य येतं, जे बहुतेक वेळा विकणाऱ्याने सांगितलेलं असतं: "जितकं लहान आणाल तितका लळा जास्त लागतो."

हा लेख त्या आकड्याबद्दल आणि त्या वाक्याबद्दल आहे. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकते. आठ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आत कोणत्याही जातीचं पिल्लू आईपासून तोडू नये. अगदी छोट्या जातींसाठी दहा ते बारा आठवडे जास्त योग्य. पण या दुसऱ्या वाक्याला एक मोठी अट आहे, आणि ती अट समजून घेतली नाही तर बारा आठवडे थांबूनही नुकसान होऊ शकतं. ती अट काय, ते आता सविस्तर बघू.

टॉय ब्रीड म्हणजे नेमके कोण?

चिवावा, यॉर्कशायर टेरिअर, पॉमेरेनिअन, माल्टीज, शित्झू, पग ही आपल्याकडे नेहमी ऐकू येणारी नावं. यांतही फरक आहे. पूर्ण वाढलेला चिवावा जेमतेम तीन किलोंपर्यंत जातो, पॉमेरेनिअनही साधारण तेवढाच. शित्झू चार ते सात किलो. हचच्या जाहिरातीमुळे घराघरांत पोचलेला पग सहा ते आठ किलो भरतो. खाली साखरेबद्दल आणि थंडीबद्दल जे लिहिलंय ते तीन किलोंच्या आतल्या मंडळींना सगळ्यात जास्त लागू होतं, पगला बरंच कमी.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे 'पॉम' म्हणून वर्षानुवर्षं सांभाळला गेलेला पांढरा, टोकदार तोंडाचा कुत्रा बऱ्याचदा इंडियन स्पिट्झ असतो. तो मूळ पॉमेरेनिअनपेक्षा मोठा आणि काटक असतो. तेव्हा "आमच्या आजोबांकडचा पॉम महिन्याचा असताना आणला होता, चौदा वर्षं जगला" हा दाखला दीड-दोन किलोच्या टॉय पॉमला लावू नका.

'लहान आणलं की लळा लागतो' हे आलं कुठून?

हे वाक्य अगदीच हवेतलं नाही, म्हणून ते इतकं टिकलंय.

अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर अनेक वर्षं काम केलं आणि १९६५ साली त्यावर पुस्तक काढलं. त्यांच्या कामातून आज सगळे वापरतात ती कल्पना रुजली: पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत एक खिडकी उघडी असते. या काळात जे दिसतं, ऐकू येतं, हाताळतं, ते त्याच्या लेखी 'आपलं' होतं. खिडकी मिटत गेली की नवं ते सगळं 'परकं' आणि म्हणून भीतीदायक ठरायला लागतं.

याच प्रयोगशाळेतला एक प्रयोग १९६१ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. कॉकर स्पॅनिअल आणि बीगल जातीची पिल्लं उंच कुंपणाच्या मोकळ्या आवारात आईसोबत वाढवली, माणसाचा संपर्क जवळजवळ शून्य. मग काहींना दुसऱ्या आठवड्यात, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात फक्त एका आठवड्यासाठी माणसांत आणलं आणि परत सोडलं. काही पिल्लांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही. ही शेवटची पिल्लं रानटी जनावरासारखी वागली. नंतर माया लावूनही ती नीट माणसाळली नाहीत. ज्यांना पाचव्या ते नवव्या आठवड्यादरम्यान माणूस भेटला, त्यांचं बरंच बरं झालं.

आता नीट बघा. या प्रयोगाने सिद्ध काय केलं? पिल्लाला या काळात माणसं भेटली पाहिजेत. पिल्लाला या काळात आईपासून तोडलं पाहिजे असं कुठे आलं? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईजवळ असतानाही पिल्लाला रोज माणसं भेटू शकतात. पण व्यवहारात पहिल्या वाक्याचं दुसरं वाक्य होऊन गेलं. सहा ते आठ आठवड्यांत पिल्लू नव्या घरी न्यावं असा सल्ला त्यानंतर रुळला, आणि '४९ वा दिवस' असा अगदी मुहूर्त काढल्यासारखा आकडाही कुत्रेप्रेमींत फिरू लागला.

अजून एक बारकावा. स्कॉट आणि फुलर यांच्या पाच जाती होत्या बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनिअल, शेटलँड शीपडॉग आणि वायर-हेअर्ड फॉक्स टेरिअर. यांत टॉय जात एकही नाही.

मग लवकर तोडल्याने बिघडतं काय?

इथे दोन अभ्यास सांगते.

पहिला दक्षिण आफ्रिकेतला, १९९३ सालचा. जर्मन शेफर्ड पिल्लांचे दोन गट केले. एक गट सहाव्या आठवड्यात आईपासून आणि राहत्या जागेपासून वेगळा केला, दुसरा बाराव्या आठवड्यापर्यंत आईजवळच ठेवला. माणसांचा सहवास दोन्ही गटांना सारखाच दिला. सहाव्या आठवड्यात तोडलेल्या पिल्लांची भूक गेली, वजन घटलं, आजार आणि मृत्यू जास्त झाले. आणि माणसाचा लळा? त्यात या पिल्लांना काहीही जास्तीचा फायदा झाला नाही. म्हणजे विकणाऱ्याचं ते वाक्य इथेच निकालात निघतं. लळा सहवासाने लागतो, आई हिरावल्याने नाही.

दुसरा अभ्यास इटलीतला, २०११ सालचा. १४० मोठ्या झालेल्या कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले. निम्मे कुत्रे ३० ते ४० दिवसांचे असताना घरी आणलेले होते, निम्मे दोन महिन्यांचे असताना. लवकर आणलेल्यांत अति भुंकणं, फिरायला नेल्यावर घाबरणं, आवाजाला दचकणं, खेळणं किंवा खाणं कुणाला हात लावू न देणं, सामानाची मोडतोड या तक्रारी जास्त निघाल्या. हा मालकांच्या सांगण्यावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची गाठ त्यातून पक्की बांधता येत नाही. महिन्याभराचं पिल्लू विकणारा माणूस बाकीच्या बाबतीतही निष्काळजी असू शकतो. तरी दिशा स्पष्ट आहे.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आईकडून आणि त्याच वेतातल्या भावंडांकडून शिकतं तरी काय? मुख्य म्हणजे दातांचा जोर आवरायला. भावंडाला जोरात चावलं की ते किंचाळतं आणि खेळ थांबतो. आईला चावलं की ती गुरकावते, उठून जाते. असं दिवसातून शंभरदा होतं. दूधही ती याच काळात हळूहळू तोडते. पिल्लाला 'नाही'ची सवय होते. आपण कितीही पुस्तकं वाचली तरी हा वर्ग आईइतका चांगला घेऊ शकत नाही.

टॉय जातींत हा मुद्दा हसण्यावारी जातो. लॅब्रेडॉर चावला तर घर हादरतं. चिवावा चावला तर त्याचा व्हिडिओ काढतात. पण 'गोड राग' म्हणून ज्याचं कौतुक होतं ती बहुतेक वेळा भीती असते, आणि तो कुत्रा पुढची पंधरा वर्षं घाबरलेलाच राहतो.

छोट्या शरीराचं मोठं गणित

आता टॉय जातींचा खास प्रश्न: रक्तातली साखर.

प्राण्याला स्वस्थ पडून राहायला किती ऊर्जा लागते याचं एक ढोबळ सूत्र पशुवैद्यकात वापरतात. किलोतलं वजन घ्या, त्याचा पाऊण घात काढा आणि ७० ने गुणा. घाबरू नका, गणित मी करून ठेवलंय. आठ आठवड्यांचं लॅब्रेडॉर पिल्लू साधारण पाच किलोंचं धरलं तर उत्तर येतं सुमारे २३४ किलोकॅलरी, म्हणजे किलोमागे ४७. अर्ध्या किलोचं चिवावा पिल्लू धरलं तर उत्तर सुमारे ४२, म्हणजे किलोमागे ८३. वाढत्या पिल्लाला या आकड्याच्या तिपटीपर्यंत ऊर्जा लागते. म्हणजे त्या मूठभर जिवाला दिवसाला सव्वाशे किलोकॅलरी हव्यात, आपल्या घरच्या सव्वा पोळीएवढी ऊर्जा.

का? कारण छोट्या शरीराला आकारमानाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं आणि उष्णता भराभर निघून जाते. वाटीतला चहा पातेल्यातल्या चहाआधी गार होतो, तसंच.

खर्च मोठा आणि तिजोरी छोटी. दोन जेवणांच्या मधल्या वेळात रक्तातली साखर टिकवायला यकृतातला साठा लागतो; या पिल्लांचं यकृतच इवलंसं, त्यात साठा तो किती असणार? चरबी नाही, स्नायू कमी. आणि मेंदू शरीराच्या मानाने मोठा, त्याला तर अखंड साखर हवी. त्यामुळे मोठं पिल्लू रात्रभर उपाशी राहिलं तर सकाळी भुकेने रडतं. टॉय पिल्लू काही तास उपाशी राहिलं तर कोसळू शकतं.

ही स्थिती ओळखायला शिका. पिल्लू मलूल होतं, चालताना झोकांड्या देतं, थरथरतं, हाक मारली तरी नजर लागत नाही, हिरड्या पांढुरक्या दिसतात, शेवटी झटके येतात. सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत हा धोका सगळ्यात जास्त. साधारण चार महिन्यांपर्यंत सावध राहावं. एखादं जेवण चुकणं, जुलाब, जंत, थंडी, लांबचा प्रवास आणि घाबरणं, यातलं कुठलंही कारण पुरतं.

आता हे सगळं पंचेचाळीस दिवसांच्या पिल्लाला लावून बघा. आई गेली, ऊब देणारी भावंडं गेली, खाणं बदललं, रात्रभर बसचा नाहीतर गाडीचा प्रवास झाला, नव्या घरात दहा जण उचलून घेतायत आणि भीतीने ते खात नाहीये. सगळी कारणं एकाच दिवशी हजर. अशा वेळी "कालपर्यंत चांगलं खेळत होतं हो" हे वाक्य डॉक्टरांना ऐकावं लागतं. बारा आठवड्यांचं पिल्लू वजनाने वाढलेलं असतं, सगळं घट्ट अन्न आपापलं खातं, आणि त्याच्या यकृतात थोडी शिल्लकही असते. टॉय जातींची पिल्लं उशिरा द्यावीत असं चांगले ब्रीडर म्हणतात त्याचं पहिलं कारण हेच.

चीक, लस आणि मधली फट

दुसरं कारण लसीकरणाचं. खरवस करताना आपण गायीचा चीक वापरतो. कुत्रीलाही व्यायल्यावर पहिल्या दिवशी असाच चीक येतो आणि त्यातून आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे रेणू, पिल्लाच्या रक्तात जातात. ही मिळकत एकदाच मिळते आणि दर दहा-एक दिवसांनी साधारण निम्मी होत जाते. आठव्या ते बाराव्या आठवड्यात २८ दिवस जातात. म्हणजे तेवढ्यात ती सातव्या-आठव्या हिश्शावर येते.

गंमत अशी, की आईची प्रतिपिंडं भरपूर असतात तेव्हा ती लशीलाही रोग समजून निकामी करतात. ती कमी होतात तेव्हा लस लागू पडायला लागते. पण यांच्या मध्ये एक फट असते: प्रतिपिंडं रोग रोखण्याइतकी उरलेली नसतात, पण लस रोखण्याइतकी असतात. या फटीत पार्व्हो घुसतो. ही फट प्रत्येक पिल्लात वेगळ्या आठवड्यात येते, म्हणून जागतिक पशुवैद्यक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिला डोस द्या, मग दोन ते चार आठवड्यांनी पुढचे डोस, आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर.

म्हणून "पहिलं इंजेक्शन झालंय, आता काही काळजी नाही" यावर विश्वास ठेवू नका. पंचेचाळीस दिवसांना दिलेला तो डोस लागू पडलाय का, हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने तग धरतो. अर्ध्या किलोच्या पिल्लाला पार्व्हो झाला तर उलट्या-जुलाबांनी पाणी जातंच, शिवाय वरचं साखरेचं गणितही कोसळतं.

थांबण्याची किंमत

इथपर्यंत वाचून वाटेल, मग बारा आठवडेच बरे. थांबा. ती अट इथे येते.

खिडकी साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्याला मिटायला लागते असं वर म्हटलं. म्हणजे पिल्लू बाराव्या आठवड्याला तुमच्याकडे आलं, तर जग ओळखण्याचा जवळजवळ सगळा काळ ते दुसऱ्याच्या घरी काढून आलेलं असेल. तो काळ त्याने घराच्या दिवाणखान्यात काढला की गच्चीवरच्या पिंजऱ्यात, यावर पुढचं सगळं ठरतं. अमेरिकेत आंधळ्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या प्रशिक्षणात १९५०च्या दशकातच हे दिसलं होतं: बारा आठवड्यांनंतरही जी पिल्लं कुत्र्यांच्या खोल्यांतच राहिली, ती पुढे प्रशिक्षणात जास्त प्रमाणात नापास झाली.

शिवाय सगळ्या छोट्या जाती सारख्या नाहीत. २०१५ सालच्या एका अभ्यासात तीन जातींच्या पिल्लांत नव्या गोष्टीची भीती कधी सुरू होते ते पाहिलं. जर्मन शेफर्डमध्ये ती सगळ्यात आधी, साधारण साडेपाच आठवड्यांना दिसली. यॉर्कशायर टेरिअरमध्ये त्याच्या जवळपासच, सहा आठवड्यांना. आणि कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनिअलमध्ये थेट आठव्या आठवड्याजवळ. यॉर्की आणि कॅव्हेलिअर दोन्ही टॉय गटातले, तरी दोन आठवड्यांचं अंतर! म्हणजे यॉर्कीच्या पिल्लाला माणसं, आवाज, वस्तू ब्रीडरच्याच घरी, सहाव्या आठवड्याच्या आत भेटायला लागल्या पाहिजेत. तुम्ही आठव्या आठवड्यात आणा नाहीतर बाराव्या, सुरुवातीचा भाग तुमच्या हातात नाहीच.

तर मग कधी?

वय हा एकटा प्रश्न नाही. खरा प्रश्न असा: आठव्या ते बाराव्या आठवड्यातला महिना पिल्लाने कुठे काढलेला जास्त चांगला, त्यांच्याकडे की तुमच्याकडे?

- ब्रीडरच्या घरात पिल्लं माणसांत वाढतायत, आई समोर दिसतेय, कुकरची शिट्टी, मिक्सर, टीव्ही, लहान मुलं हे सगळं त्यांच्या सवयीचं आहे, लशी वेळेवर चालू आहेत. मग टॉय जातीसाठी दहा ते बारा आठवडे थांबा. पिल्लू एक किलोच्या बरंच आत असेल तर बाराच.
- ब्रीडर प्रामाणिक आहे, पण पिल्लं वेगळ्या खोलीत, माणसांपासून लांब आहेत. आठ आठवडे पूर्ण झाले, घट्ट अन्न आपापलं खातंय, वजन वाढतंय आणि तुमच्या घरी दिवसभर कुणीतरी असतं, तर आठ-नऊ आठवड्यांना आणणं जास्त शहाणपणाचं.
- आई दाखवत नाहीत, जन्मतारीख विचारली की विषय बदलतात, पिल्लू रात्रीच्या बसने पाठवतो म्हणतात. इथे योग्य वय नाहीच. तिथून घेऊ नका.
- आठ आठवड्यांच्या आत कुठल्याही सबबीवर नाही. भारतात हा निव्वळ सल्ला नाही, कायदा आहे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री याबाबतच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीचे २०१८ चे नियमही तेच सांगतात.

नोकरीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. तुम्ही सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी सातला येणार असाल, तर आठ आठवड्यांचं टॉय पिल्लू तुमच्यासाठी नाही. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा खायला लागतं. बारा आठवड्यांचं चार वेळा खाऊन निभावेल, तेही दुपारी कुणी असेल तर.

वय खरं आहे का, कसं ओळखाल?

'टीकप' हा शब्द ऐकला की कान टवकारा. टीकप पॉम, टीकप चिवावा अशी कुठलीही मान्य जात नाही. तो विक्रीचा शब्द आहे. आणि यातली सोपी फसवणूक अशी की पाच आठवड्यांचं पिल्लू दोन महिन्यांचं म्हणून दाखवलं की ते आपोआप 'टीकप' दिसतं.

तोंड उघडून बघा. पुढचे दात आणि सुळे साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास सगळे २८ दुधाचे दात आलेले असतात. टॉय जातींत दात थोडे मागेपुढे होतात, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. पण दाढांची जागा रिकामी असेल तर दोन महिन्यांच्या दाव्यावर शंका घ्यायला हरकत नाही. मग तुमच्यासमोर त्याला खायला द्यायला सांगा. दोन महिन्यांचं निरोगी पिल्लू आपलं आपण वाटीतून खातं. बाटलीने किंवा बोटाने भरवावं लागत असेल तर ते अजून आईचं आहे. लसीकरणाच्या पुस्तिकेवर जन्मतारीख, लशीच्या बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही आहे का ते बघा. त्या डॉक्टरांना फोन करायला लाजू नका.

आणि पिल्लू आधीच घरी आलं असेल तर?

हा लेख वाचणाऱ्यांतल्या काहींच्या मांडीवर आत्ता पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू असेल. अपराधी वाटून घेण्यापेक्षा हे करा.

आधी परत करण्याचा विचार करा. आई जवळच असेल आणि ब्रीडर तयार असेल तर दोन-चार आठवड्यांसाठी परत नेणं हा खराच चांगला पर्याय आहे. ते जमणार नसेल तर दोन दिवसांत पशुवैद्याला दाखवा, वजन आणि जंतांचं औषध यासह. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायला द्या, शेवटचं रात्री झोपताना आणि पहिलं पहाटे उठल्या उठल्या. ब्रीडरकडचंच खाणं चालू ठेवून आठवड्याभरात हळूहळू बदला. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. एखाद्या दिवशी वजन वाढलं नाही तर लक्ष ठेवा, घटलं तर डॉक्टरांना फोन करा. पंखा थेट अंगावर नको, एसीत तर नकोच. कपड्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली जवळ ठेवा.

मध किंवा ग्लुकोज पावडर घरात हाताशी असू द्या. पिल्लू मलूल पडलं तर बोटाला मध लावून हिरड्यांवर चोळा, उबेत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. शुद्धीवर आलं तरी गाठा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. शुगर-फ्री पदार्थ तर अजिबात नकोत. त्यातलं झायलिटॉल कुत्र्याला विष आहे, ते उलट साखर आणखी पाडतं.

सोफ्यावर एकटं सोडू नका. या जातींची पुढच्या पायांची हाडं काडीसारखी असतात, आणि सोफ्यावरून किंवा लहान मुलाच्या हातातून पडून ती मोडणं ही दवाखान्यात नेहमी दिसणारी गोष्ट आहे. मुलांना सांगा, जमिनीवर बसूनच मांडीवर घ्यायचं.

आणि जग दाखवायला लशी पूर्ण व्हायची वाट बघू नका. इथे मात्र छोट्या आकाराचा फायदा आहे. रस्त्यावरच्या जमिनीला पाय न लावता, कुशीत किंवा पिशवीत घेऊन रोज दहा मिनिटं फिरवा: लिफ्ट, रिक्षा, वॉचमनची टोपी, छत्री, भाजीवाल्याची हाळी. पूर्ण लसीकरण झालेला, शांत स्वभावाचा एखादा मोठा कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्याशी घरातच भेट घालून द्या. दातांचा जोर आवरायचा राहिलेला धडा थोडाफार तोच शिकवेल. ढोल-ताशा आणि फटाके आधी मोबाइलवर, अगदी हळू आवाजात, खाऊ देत देत. गणपती-दिवाळीच्या ऐन दिवसांत पिल्लू आणणं मात्र टाळता आलं तर टाळाच.

ज्यांनी अजून आणलेलं नाही, त्यांनी ब्रीडरला एक गोष्ट विचारून बघावी: "पैसे आत्ता भरतो, पिल्लू चार आठवड्यांनी नेतो, तोवरचा खाण्या-लशींचा खर्च आमचा, दर रविवारी भेटायला आलो तर चालेल ना?" घरात वापरलेली एखादी जुनी ओढणी नाहीतर टी-शर्ट पिल्लाजवळ ठेवायला द्या, म्हणजे तुमचा वास त्याच्या ओळखीचा होईल. ज्याला पिल्लाची काळजी आहे तो आनंदाने हो म्हणेल. जो म्हणेल "छे, उद्याच न्या, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय", त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.